वेंडेलची तयारी, लॉर्नाचा एल्क

वेंडेल क्रूसनं एल्कच्या शिकारीला जायचं ठरवलं ते मक्याचं कणीस खाता खाता. रविवारी मेव्हण्याच्या अंगणात जेवण चाललं होतं. मेव्हणा ड्वेन मांस भाजत आपल्या जुन्या शिकारीची हकिगत सांगत होता. त्या हकिगतीतला एल्क, म्हणजे थोराड डोंगरी हरीणच, दर उन्हाळ्यात थोडा थोडा वाढत आता ट्रकाएवढा झाला होता. (शिंगं अजून वाढतच होती.)

"त्यात काय मोठंसं?" वेंडेल बोलून गेला. "या शरदात मीही जाणार आहे. कोलोरॅडोत."

अंगणातले सगळे त्याच्याकडे वळले. वेंडेल धान्याच्या गोदामात वजनकाट्यापाशी बसायचा. नेब्रास्कातलं त्यांचं गाव पोळपाटासारखं सपाट. तिथे चढ म्हणजे चर्चच्या पायऱ्या, आणि त्याही तो कठडा धरून चढे.

"बंदूक घेऊन जाणार?" ड्वेननं विचारलं.

"नाही, केक घेऊन," वेंडेल म्हणाला. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

परतताना गाडी लॉर्ना चालवत होती. शाळेची बस चालवून चालवून तिचा हात असा बसला होता, की नवऱ्याला टोमणे मारतानाही चाक हलत नसे. "फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं लोणी तुला दिसत नाही. डोंगरात एल्क कोण दाखवणार?"

शिकारीचे परवाने सोडतीनं मिळतात. वेंडेलनं डोकं चालवलं: दोघांची नावं टाकली तर नशीब दुप्पट. लॉर्ना बटाटे सोलत होती. "टाक माझंही," ती म्हणाली.

सोडत लागली. लॉर्नाला.

"काही बिघडत नाही," वेंडेल म्हणाला. "तुझ्या परवान्यावर मी जातो."

"आणि वनरक्षकानं नाव विचारलं तर लॉर्ना सांगशील? मिशा काढाव्या लागतील."

"मग कळवून टाकतो, की येत नाही म्हणून."

"का म्हणून? बाबांबरोबर हरणं मारत मोठी झालेय मी. मी जाते की. तूही चल, सोबतीला."

सोबतीला! हा शब्द त्याला जेवतानाही टोचत राहिला. शेवटी त्यानं जाहीर केलं, की गोळी कोणीही झाडो, मोहिमेची आखणी मात्र तोच करणार.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि घर उभ्यानं जेवू लागलं. नकाशाभर बारीक तपकिरी रेषा होत्या. एका जागी त्या इतक्या दाट होत्या, की वेंडेल हरखलाच. एवढ्या पायवाटा! मुक्काम इथेच. जागा सांगायला त्यानं वनखात्याच्या कचेरीत फोन लावला.

पलीकडच्या बाईनं जागा दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "तिथे तंबू ठोकणार? साहेब, तिथे तंबू खिळ्याला टांगावा लागेल. त्या रेषा उंची दाखवतात. तो कडा आहे."

"मला तेच विचारायचं होतं," वेंडेल म्हणाला आणि फोन ठेवला.

मग शरीर कमवायला सुरुवात झाली. पाठीवर मिठाची पोती बांधून तो तळघराचा जिना चढे-उतरे, आणि खाली पोचला की एल्कना बोलावायची, नर एल्कसारखा आवाज काढणारी नळी फुंके. पहिल्याच दिवशी शेजारचे ऑस्टरगार्ड पाना घेऊन दारात हजर. "लॉर्ना, तुमच्या पाइपात हवा अडकलीय. चांगलीच अडकलीय."

"अडकलीय खरी," लॉर्ना म्हणाली. "थोड्या वेळानं वर येऊन सूप मागेल."

ऑक्टोबरात ते डोंगरात पोचले. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. वेंडेलला मात्र ती दोन दोन दिसत होती, कारण त्या उंचीवरची हवा त्याला पुरतच नव्हती. तंबूची एक खुंटी ठोकली की तो बसे. (बसण्याला तो "परिसराची पाहणी" म्हणे.)

सकाळी दोघं डोंगराच्या धारेवर चढले. वेंडेल पुढे होता, कारण आखणी त्याची होती. आणि पाठीवर सगळा संसार होता: तवा, किटली, पातेली. हे सामान तंबूत ठेवून निघतात, हे आखणीत राहून गेलं होतं.

लॉर्ना एका खडकाआड बसली. "फुंक आता," ती कुजबुजली.

जिन्याखाली घर हादरवणारी ती नळी वेंडेलनं तोंडाला लावली. फुस्स. छातीत दमच उरला नव्हता. सगळा जीव एकवटून फुंकावं म्हणून तो एक पाऊल मागे सरकला. मागे डोंगर नव्हता.

घळीतून तो पाठीवर घसरत निघाला. तवा किटलीवर, किटली पातेल्यावर. भांड्यांचं दुकान उतारावरून निघालंय असा दणदणाट झाला. घळीपलीकडच्या झाडीत एल्कचा कळप निवांत बसला होता. तो उधळला आणि थेट लॉर्नासमोरच्या माळावर आला. एकच गोळी वाजली.

मग लॉर्नाची हाक आली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "वेंडेल! अरे, बोल ना! वेंडेल!"

"इथे आहे," एक झुडूप म्हणालं.

ती धावत उतरली. त्याचे हात, पाय, मान सगळं चाचपून पाहिलं आणि मग त्याला असं घट्ट धरलं, की घसरण्यात वाचलेली बरगडी आता दुखू लागली. "मला एल्कबिल्क काही नको रे," ती डोळे पुसत म्हणाली. "तू नीट घरी यायला हवास."

"हाकारा घालत होतो," वेंडेल म्हणाला. "लागला का?"

"लागला."

जनावर घोड्याएवढं. मांस पाठीवरून खाली आणायचं होतं, आणि तिथे मात्र तळघराचा जिना कामाला आला. वेंडेलनं तंगड्या वाहिल्या, बसत, धापा टाकत, पण एकही लॉर्नाला उचलू दिली नाही. शेवटची आणताना वाटेतल्या एका शिकाऱ्यानं फोटो काढला. गावच्या साप्ताहिकात तो पहिल्या पानावर आला. पुढे लॉर्ना, हसतमुख. मागे एक प्रचंड तंगडी, आणि तिच्याखाली दोन बूट.

काही दिवसांनी तो अंक टपालानं कॅन्ससला पोचला आणि तिथून लॉर्नाच्या मिल्ड्रेडमावशीचा फोन आला. वेंडेलनं उचलला.

"वेंडेल, पाहिला हं फोटो! अभिमान वाटला बघ पोरीचा. तुला एकट्याला घरी करमलं का रे?"

"मावशी, अहो, मी..."

"आणि तो मागचा गडी! केवढं ओझं उचललंय! कुठून मिळाला तिला?"

वेंडेलनं एक सुस्कारा सोडला. "घरचाच आहे, मावशी. पोटावर राहतो."

"भांडीही घासतो म्हणून सांग!" लॉर्ना स्वयंपाकघरातून ओरडली.

"बघ!" मावशी म्हणाली. "म्हणजे तुला नेलं नाही ते शहाणपणच केलं तिनं."