ताण दिलेली गाडी

शेषरावभाऊंच्या घरी गेलात तर पहिला अर्धा तास कोणी तुम्हाला पाणी विचारणार नाही. आमच्या मोर्शीकडे वैऱ्यालाही आधी पाण्याचा गडवा देतात आणि मग भांडण काढतात. पण भाऊंची रीत न्यारी. तुम्ही उन्हातून आलेले, जीभ टाळूला चिकटलेली, नजर घडीघडी माठाकडे जातेय, आणि भाऊ डोक्यावरचा दुपट्टा सारखा करत हवापाण्याच्या गप्पा मारताहेत. अगदी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले की स्वतः उठतात, गडवा भरून आणतात आणि तुम्ही घटाघट पिताना कौतुकाने बघतात.

"कसं लागलं? गोड लागलं ना? ताण देल्ल्याबिगर गोडी नाई, मास्तरीनबाई!"

मास्तरीणबाई म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडण्यात जन्म गेला, आता निवृत्त आहे. टेकडीच्या पायथ्याशी माझं घर आणि वर भाऊंचं. मधल्या उतारावर त्यांची संत्र्याची बाग.

ज्यांनी संत्रा फक्त सोलून खाल्लाय त्यांच्यासाठी सांगते. थंडीत बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाडं केविलवाणी दिसतात, तरी मालक पाणी देत नाही. मग जानेवारीत एक दिवस पाणी सोडायचं. तहानलेलं झाड असं फुलतं की पान दिसत नाही. याला म्हणतात ताण देणं. सगळेच बागवाले देतात, पण ते झाडांना देतात. आमच्या भाऊंनी हे शास्त्र बागेच्या कुंपणाबाहेर काढलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

नवा जोडा आणला की वर्षभर खोक्यात. का? तर त्याला ताण. माझी दाढ ठणकत होती, तर म्हणे, "दवाखान्यात कायले जाता? ताण द्या तिले." एका श्रावणात महिनाभर देवळाची पायरी चढले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "देवालेबी वाटलं पायजे, शेषराव काहून नाई आला?" देवाला काय वाटलं ते समजलं नाही. पुजाऱ्याला मात्र तो महिना सुखाचा गेला, कारण भाऊ दर्शनाला गेले की आरतीतल्या चुका काढतात.

हे सगळं निभावून नेलं ते इंदूताईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं. ताई घरी होत्या तोवर पाहुण्यांचे हाल झाले नाहीत. भाऊ ओसरीत ताण देत बसायचे आणि ताई मागच्या खिडकीतून गुपचूप गडवा पुढे करायच्या. पाहुणा मागे जाऊन पाणी पिऊन यायचा आणि पुन्हा तहानलेलं तोंड करून बसायचा. मी स्वतः कित्येकदा प्यायले आहे. ताई अकोल्याला गेल्यापासून ती खिडकी बंद राहिली, आणि मला ते बघवेना.

झालं असं की पोळ्याच्या सुमारास ताईंच्या गुडघ्यानं जवाब दिला. ऑपरेशन अकोल्याला झालं, लेक तिथं असते म्हणून. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे चढण बंद. आणि यांचं घर टेकडीवर! काळ्या जमिनीत भिंती तडकतात म्हणून भाऊंच्या वडिलांनी ते वर मुरमावर बांधलं. वर जाणारी वाट इतकी अरुंद की मोटार शिरत नाही. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरवर ताईंना चढता येत नाही, मोटारसायकलवर पाय टाकता येत नाही. वाट रुंद करायची तर कडेची संत्र्याची झाडं तोडावी लागतील, आणि ती ताईंनी लग्न होऊन आल्यावर स्वतःच्या हातांनी लावलेली. भाऊ म्हणाले, "मले तोडा, पन त्या झाडायले हात नका लावू." म्हणून ताई अकोल्यात लेकीच्या फ्लॅटमध्ये आणि भाऊ इथे, माठासमोर एकटे.

अशात चिखलदऱ्याला कुणाच्या तरी लग्नात भाऊंनी ती गाडी पाहिली. गोल्फच्या मैदानावर असते तसली, रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना फिरवणारी, अंगानं चिंचोळी, बिजलीवर चालणारी, दारं नाहीत, आवाज नाही, आणि पायरी एवढी ठेंगणी की एक म्हातारी ओट्यावर बसावं तशी आरामात बसली. भाऊ पंगतीला गेलेच नाहीत. गाडीमागे फिरत राहिले. रिसॉर्टवाल्यांना एक जुनी काढायचीच होती, ती दिवाळीनंतर टेम्पोत घालून गावात आली. गोल्फ खेळणारा माणूस आमच्या गावात बापजन्मी कोणी पाहिला नव्हता. गावानं तिला नाव दिलं 'बिनदाराची'.

बिनदाराची सपाटीवर झकास पळायची. चढणीला लागली की तिचं अवसान जायचं. निम्म्या वाटेवर एक बाभूळ आहे, तिथवर कशीबशी यायची, हूं करायची आणि थांबायची. मग गावातले चार जण मागून रेटा देत. पारावरची मंडळी विचारायची, "काय भाऊ, बैल जुंपाचे का?" भाऊ म्हणायचे, "थांब, तुलेच जुंपतो."

संध्याकाळी इंदूताईंचा मला फोन यायचा. "काय करून राहिले थे? जेवले का?" मी म्हणायची, "ताई, त्यांनाच फोन लावा ना!" तर म्हणायच्या, "मीच काहून लावू? त्यायनं एक डाव तरी लावला का?" खरंच होतं. भाऊंनी पोळ्यापासून स्वतःहून एकही फोन केला नव्हता. मी एकदा चांगली हजामत केली त्यांची, तर म्हणाले, "रोज बोललो तं ओढ कशी लागन, मास्तरीनबाई? ताण देऊन राहिलो." अस्सा संताप आला मला! शाळेत असते तर बाकावर उभं केलं असतं.

बाग ताणावर सोडली तेव्हा भाऊंनी गाडीही ताणावर सोडली. चार्जिंग बंद, बॅटऱ्यांचं पाणी बंद, वर ताडपत्री. मी म्हटलं, "भाऊ, ही गाडी आहे, झाड नव्हे!"

"जीव असन त्याले ताण लागते. गाडीत जीव नसता तं थे थकली कायले असती?"

मी घरी येऊन कढी केली.

जानेवारीत मुहूर्त लागला. एकाच दिवशी, एकाच विहिरीचं पाणी बागेलाही सुटलं आणि बॅटऱ्यांनाही. नारळ फुटला. बाग काही दिवसांत पांढरीशुभ्र झाली, सगळी टेकडी घमघमली, माझ्या देवघरापर्यंत वास. आणि बिनदाराची? पूर्वी निदान बाभळीपर्यंत यायची, आता खालच्या हौदापाशीच मान टाकली.

त्याच आठवड्यात इंदूताईंचा फोन आला. आवाज कोरडा. "मास्तरीनबाई, पोरगी माह्यासाठी वेगळी खोली करून राहिली. माही पेटी पाठवून देजा. येथीच राहीन आता. तथी माही गरज तं कोनाले दिसत नाई." मी फोन ठेवला आणि तडक वर हौदापाशी गेले. भाऊंना शब्दन् शब्द सांगितला. ते हौदाच्या काठावर बसले. गाडीकडे बघत म्हणाले, "गाडी चढू द्या एक डाव. मंग पाहू."

अमरावतीहून मिस्त्री बोलावला. तोंडात तंबाखूचा खर्रा, बोलणं अर्धं हिंदी. त्यानं सीट उचलली, बॅटऱ्यांची झाकणं उघडली आणि कपाळाला हात लावला. "काका, किसने सुखाया इनको?"

"म्या. ताण देल्ला."

"ताण?" मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे. "काका, बॅटरी वाळली की संपली. ती फुलत नाही. दोन तर मेल्याच आहेत, बाकीच्या आजारी. सगळ्या बदला. आणि मागचा ब्रेक चिकटून बसलाय. पाय आवळून कोणी चढते का टेकडी?"

भाऊंनी हळूच विचारलं, "मेल्या म्हंजे? आता रोज पानी देल्लं तरी?"

"विहीर ओता, काका. टाइम निकल गया."

मिस्त्री कामाला लागला. भाऊंनी खिशातून फोन काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. पुन्हा काढला. एवढ्या महिन्यांनी काय बोलायचं हेच त्या माणसाला सुचेना. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण रडूच यायला लागलं, म्हणून मी मिस्त्रीला चहा आणायच्या निमित्तानं खाली आले.

नव्या बॅटऱ्या बसल्या, ब्रेक मोकळा झाला. आता ओझं घेऊन चढते का ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. वाट माझ्या कुंपणाला लागूनच जाते. बिनदाराची आली. भाऊ चालवत होते आणि शेजारच्या सीटवर खताचं भरलेलं पोतं. पोत्याला ताईंचं जुनं लुगडं गुंडाळून सीटला बांधलेलं, आणि खाली निळी उशी. मला हसू फुटणार तेवढ्यात खड्डा आला. भाऊंनी गाडी मुंगीच्या पावलानं घेतली.

"धरून बस," ते पोत्याला म्हणाले. "खड्डा हाय."

मी तुळशीमागे बसले. गाडीला आवाज नाही, त्यामुळे शब्द स्पष्ट येत होते.

"यंदा बहार लय आला, इंदे. तुह्या कडच्या झाडायले तं पान दिसत नाई. पाहाले कोनी नाई, म्हनून तुले सांगून राहिलो. माठ रोज भरतो. पेनार कोन हाय?"

बाभूळ आली. गाडी जराशी कण्हली आणि चढून गेली. भाऊ वर पोचले. पोतं सोडून उतरवलं, उशी झटकली आणि काखेत धरून तसेच उभे राहिले.

संध्याकाळी ताईंचा फोन. "माही पेटी पाठवली का?"

मी पाहिलं ते सगळं सांगितलं.

"पोतं कायनं बांधलं होतं?" ताईंनी विचारलं.

"तुमच्या जुन्या लुगड्यानं."

"खाली काई टाकलं होतं का?"

"उशी. निळी."

"माही हाय थे," ताई म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पेटी राहू द्या तथीच. मीच उद्याच्या बसनं येऊन राहिली. आन् त्यायले सांगू नका."

आता असं कधी होतं का? मी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी अकोल्याची बस येण्याच्या कितीतरी आधी भाऊ माझ्या घरासमोरच्या फाट्यावर हजर. धुतलेला दुपट्टा, पायात खोक्यातला नवा जोडा आणि हातात पाण्यानं भरलेला गडवा. बस थांबली. लेकीचा हात धरून ताई उतरल्या. त्यांचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत भाऊंनी गडवा पुढे केला. घाई इतकी की निम्मं पाणी रस्त्यावर सांडलं.

"घे," ते म्हणाले. "आधी पानी पे."

ताईंनी तिथंच उभ्यानं गडवा रिकामा केला आणि माझ्या हातात दिला. लेक सामान घेऊन माझ्या घरात शिरली. ताई बिनदाराचीत बसल्या, अगदी ओट्यावर बसावं तशा. गाडी निघाली, खड्डा ओलांडला, अर्ध्यावर गेली आणि बाभळीपाशी थांबली. गडवा तसाच हातात घेऊन मी धापा टाकत वर धावले.

"भाऊ, रेटा देऊ का?"

"बंद नाई पडली. उभी केली," भाऊ म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "इंदूच पुढं जाऊ देत नाई."

दोन्ही बाजूंना ताईंची झाडं पांढरी झालेली. ताई समोर बघत म्हणाल्या, "पोत्याले काय म्हनत होते, थे मले म्हना. मंगच जाऊ."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी बाभळीकडे बघितलं. मग अगदी हळू आवाज आला.

"धरून बस, इंदे."

"धरलं," ताई म्हणाल्या. बाजूची दांडी सोडून त्यांनी भाऊंचा दंड धरला होता.

गाडी चढून गेली. मी रिकामा गडवा घेऊन खाली आले.