मापाडीकाकांची डावी काठी

लातूरला राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साठी उलटलेले एक गृहस्थ फाटकातून आत आले. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे, संजयकडे, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि काही न बोलता ते त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसले. संजय मुळात भिडस्त. वडीलधारा माणूस आपल्या पाया पडतोय अशा समजुतीने तो घाबरून मागे सरकला आणि थेट सामानाच्या खोक्यावर बसला. खोक्यात कपबशा होत्या.

“हलू नका ना,” गृहस्थ म्हणाले. “हात ढिल्ले सोडा. मनगटापासून जमिनीपर्यंत घेतो फक्त.”

खिशातून टेप निघाली. संजयला उभं करून माप घेण्यात आलं. मग हातात काठी आहे असं समजून तो हात फिरवायला सांगितलं. संजयने बिचाऱ्याने फिरवला.

“झोका आखूड हाय,” गृहस्थ मान हलवत म्हणाले. “खांद्यात अडकून राहिलाय. काही हरकत न्हाई, दांडी वाढवू.” एवढं बोलून ते निघून गेले. कोण, कुठले, कसली दांडी, काही कळलं नाही. कपबशा मात्र गेल्या.

हे आमचे शेजारी भगवानराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. कॉलनी त्यांना मापाडीकाका म्हणायची. आडत बाजारात धान्य मोजतो तो मापाडी. काका माणसं मोजायचे. गोल्फच्या काठ्या ज्याच्या-त्याच्या मापाने आणि झोक्याने बसवून देणे हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. आणि तो ते लातुरात करत होते, जिथे आमच्या ओळखीपाळखीत गोल्फ खेळणारं एकही माणूस नव्हतं. ही अडचण त्यांनी स्वतःच दूर केली. आधी काठी बनवायची आणि मग तिच्या मापाच्या माणसाला खेळायला लावायचं.

हे खूळ त्यांनी बंगळूरहून आणलं. तिथे त्यांचा मुलगा नितीन नोकरीला आहे. एकदा तो आईवडिलांना गोल्फच्या एका दुकानात घेऊन गेला. तिथे गिऱ्हाईक यंत्रापुढे उभं राहून चेंडू मारतं आणि त्याच्या झोक्यावरून काठीची लांबी, वजन, डोक्याचा कल ठरतो. काकू सांगतात, “सगळे बाहेर येऊन बसलो, हे काय हालंनात. देवळात उभं राहावं तसं उभे.” परत आल्यावर काकांनी स्कूटर अंगणात काढली आणि तिच्या जागी काठी आवळून धरायचा शिकंजा बसवला. जुन्या काठ्या हैदराबादच्या भंगार बाजारातून यायला लागल्या. काठीचं डोकं हलकं वाटलं की टायरवाल्याकडून चाकाला लावायचं शिसं आणून चिकटवायचे. चेंडू कुठे लागतो ते कळावं म्हणून डोक्याला खडूची पूड फासायचे आणि ती पूड दिवसभर त्यांच्या भुवयांवर असायची.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “दांडीनं माणसाकडं यावं, माणसानं दांडीकडं न्हाई.” हे वाक्य ते गोल्फबद्दल बोलायचे, तसंच चपलांबद्दल, सुनांबद्दल आणि शाळांच्या वेळापत्रकाबद्दलही बोलायचे.

माझी पाळीही लवकरच आली. मी अंगण झाडत होते आणि काका भिंतीपलीकडून बघत होते.

“ताई, हा झाडू तुमच्या मापाचा न्हाई. कामून कंबर मोडून घेऊन राहिलात?”

संध्याकाळी झाडूला विजेच्या फिटिंगची पाईप जोडून मिळाली. माझी कंबरदुखी खरोखर थांबली. पण तो झाडू आता दारामागे मावत नाही, कपाटामागे मावत नाही, म्हणून गेली चार वर्षं तो हॉलमध्ये उभा आहे. पाहुणे विचारतात, आम्ही विषय बदलतो.

मैदानाचीही सोय काकांनी केली होती. चाकूरजवळ त्यांचं वडिलोपार्जित रान आहे. सोयाबीन निघालं की एका तुकड्यात ते हरभरा पेरू देत नसत. तिथे त्यांनी एक जुना तांब्या तोंडापर्यंत जमिनीत पुरला आणि शेजारी काठीला लाल चिंधी बांधली. झालं मैदान. पण गावात बोभाटा असा झाला की भगवानरावांनी रानात तांब्या पुरलाय. पुढच्या वेळी गेलो तर रानभर खड्डेच खड्डे. आम्हाला वाटलं, काका आता संतापणार. ते कंबरेवर हात ठेवून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बरं झालं. आपल्याला लईच भोकं लागणार होती.”

असा हा माणूस संतापलेला मी एकदाच पाहिला. आमच्याकडे सत्यनारायण होता, उमरीहून सासूबाई आल्या होत्या. माझी मुलगी मुक्ता डावखुरी आहे. प्रसादासाठी तिने डावा हात पुढे केला. सासूबाईंनी त्या हातावर हलकीशी चापट मारली आणि म्हणाल्या, “ह्या हातानं न्हाई घ्यायचं, बाई.” चापट लागलीही नसेल, मुक्ता हसतच होती.

“हात लावू नका तिच्या हाताला!”

काका एवढ्या मोठ्याने ओरडले की भटजी पोथी बांधता बांधता थांबले. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ते तसेच उठून घरी गेले, प्रसादही घेतला नाही. सासूबाईंनी आठवडाभर मला त्यावरून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी काका टेप घेऊन आले, मुक्ताच्या डाव्या मनगटाचं माप घेतलं आणि तिच्या बॅडमिंटनच्या रॅकेटची मूठ बारीक करून दिली. कालच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, पण मला ते खटकत राहिलं.

उलगडा झाला तो गेल्या दिवाळीनंतर. एका सकाळी काका धावतच आले. हातात फोन होता.

“ताई, हे बगा. सूनबाईनं पाठवलंय. बगा तर!”

नितीन गोल्फ खेळत होता. सून प्राची हसतेय ते ऐकू येत होतं. नितीनने काठी मागे नेली, फिरवली, चेंडू गेला. मला त्यात विशेष काही दिसलं नाही.

“दिसलं न्हाई तुम्हाला? डाव्यानं! पोरगं डाव्यानं खेळून राहिलंय!” काकांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. पुन्हा पुन्हा तेच दाखवत होते. मग एकदम फोन खिशात घालून म्हणाले, “हैदराबादला जावं लागतंय. डावी काठी पाहिजे,” आणि गेले.

काकू मागून आल्या होत्या. त्या पायरीवर बसल्या आणि पदराने कपाळ पुसत त्यांनी सांगितलं.

नितीन डावखुरा जन्मला. खात्यात कडक म्हणून नाव असलेल्या अभियंत्याला ते कसं चालणार? जेवताना, लिहिताना काका पोराचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायचे. “मारलं न्हाई कधी. पण बांधलं,” काकू म्हणाल्या. “पोरगं उजव्यानं लिवायला लागलं. आणि बोलताना अडखळायला लागलं. मोठेपणी ते गेलं बगा. पण बापाशी दोन वाक्यांच्या वर बोलणं काई आलं न्हाई.”

ते मला माहीत होतं. भिंतीपलीकडून काकांचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं, ते एवढंच. “जेवला?” “बरं.” “पाऊस?” “बरं. आईला देतो.” घरी येणंही कमीच. आला तरी एक दिवस राहून परत.

“यांना आता उमजलंय,” काकू म्हणाल्या. “पण सांगावं कसं? जन्मात माफी मागितली न्हाई कुणाची. मग ही काठी.”

मला फार वाईट वाटलं. आणि सत्यनारायणाच्या दिवशी मनातल्या मनात त्यांना विक्षिप्त म्हटलं होतं, त्याचीही लाज वाटली.

उजवी काठी डावी करता येत नाही; डोकंच वेगळं लागतं, आणि डावं डोकं भंगारात सहसा मिळत नाही. काका रात्रीच्या बसने हैदराबादला जायचे आणि हात हलवत परत यायचे. शेवटी एक मिळालं. मग ते घासणं, वाकवणं, शिसं चिकटवणं, पुन्हा उचकटणं सुरू झालं. काम करताना ते शीळ घालायचे. काकांना शीळ येते हे काकूंनाही माहीत नव्हतं. संक्रांतीच्या आधी नितीन आणि प्राची हुरड्याला येणार असं ठरलं, तेव्हा काठी जवळपास तयार होती.

ते यायच्या आदल्या दिवशी काकांनी तो व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर मोठा करून मागितला. शेवटचा कोन तपासायचा होता. चित्र थांबवून ते कोनमापक पडद्याला लावून नितीनचं मनगट मोजत होते. मी मागे उभी होते. नितीनच्या पाठीमागच्या भिंतीवर एक पाटी होती आणि मी ती उगीच वाचायला बघत होते. वाचता येईना. अक्षरं उलटी होती.

मी वाकून पुन्हा पाहिलं. प्राचीने व्हिडिओ सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढला असणार. आरशात दिसतं तसं सगळं उलटं आलं होतं. नितीन उजव्यानेच खेळत होता. लोकांच्या झाडूपासून मनगटापर्यंत सगळं ओळखणाऱ्या काकांनी ती पाटी एवढ्या दिवसांत एकदाही पाहिली नव्हती.

मी काकूंना गाठलं. सगळं सांगितलं. पलीकडून शीळ ऐकू येत होती. “आता काय सांगू त्यांना?” त्या म्हणाल्या. “तुम्हीच सांगा, ताई, तुमच्यानं होत असलं तर.” माझ्यानेही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चाकूरच्या रानात बांधाशेजारी आगटी पेटली. ज्वारीची कणसं भाजायला घातली. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं मांडलं होतं. काकांचं लक्ष कशातच नव्हतं. शेवटी त्यांनी धोतरात गुंडाळलेली काठी काढून नितीनपुढे धरली.

नितीनने ती घेतली, फिरवून पाहिली.

“बाबा, ही डावखुऱ्याची आहे.”

“हाव. तुझीच हाय.”

“मी उजव्यानं खेळतो.”

काका हसले. “मला दिसलं न्हाई व्हय? व्हिडिओत बगितलं की!”

प्राचीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. “बाबा, तो पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता,” ती हळू म्हणाली. “त्यात उलटं दिसतं. आरशासारखं.”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग सावकाश बांधावर बसले. त्या क्षणी ते एकदम म्हातारे दिसले.

“मंग अजून उजव्यानंच?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला वाटलं, सुटला तू,” काका जमिनीकडे बघत म्हणाले. “मी बांधला होता ना. वाटलं, तुझं तू सोडवून घेतलं.”

आगटीतली कणसं तडतडत होती. नितीन वडिलांकडे बघत उभा होता; तेवढा वेळ तो त्यांच्याकडे बघतोय असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने चेंडू मातीवर ठेवला, हातांची जागा बदलली आणि डाव्या बाजूने उभा राहिला. पहिल्या फटक्याला फक्त ढेकूळ उडालं. दुसऱ्याला चेंडू गेला, खालून, वाकडातिकडा, थेट शेजारच्या ज्वारीत.

सवय कशी सुटणार? काकांची नजर मनगटावरच होती. “सवय न्हाई तुला,” ते म्हणाले. “पण खांदा मोकळा हाय.”

“होईल की सवय,” नितीन म्हणाला. “दांडी तर मापाची हाय ना.”

त्याच्या तोंडी ही बोली मी प्रथमच ऐकली.

काकू घाईघाईने म्हणाल्या, “चला, हुरडा गार होऊन राहिला.” सगळे आगटीभोवती बसलो. काकांनी एक कणीस उचललं आणि तळहातावर चोळलं. हिरवे, गरम दाणे मोकळे झाले. फुंकर मारून त्यांनी तूस उडवलं आणि मूठ नितीनपुढे नेली. नितीनने सवयीने उजवा हात पसरला.

“त्यो न्हाई,” काका म्हणाले. “डावा कर.”

नितीनने डावा हात पुढे केला. काकांनी त्याचं मनगट खालून धरलं आणि सगळे दाणे त्या हातावर ओतले. हात रिकामा झाल्यावरही त्यांनी मनगट लगेच सोडलं नाही.