एकशे त्रेपन्न नंबरचा वास

सुशांतला वास येत नसे. चार-पाच वर्षांपूर्वीच्या साथीत त्याचं नाक जे गेलं ते परत आलंच नाही. दूध नासलंय हे त्याला घोट घेतल्यावर कळे. अशा माणसाने वासांवर संशोधन करावं, याची नवीन पनवेलच्या त्याच्या सोसायटीत थट्टा होई. सुशांतला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. नाकाचं काम त्याचं यंत्र करत होतं, आणि यंत्राला सर्दी होत नव्हती.

हे फ्रीजएवढं यंत्र गाढी नदीपलीकडच्या एका गावात, काशिराम आणि सोनाबाई यांच्या घराच्या पडवीत ठेवलेलं होतं. आजूबाजूच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, तरी काशिरामने एक तुकडा भातासाठी राखला होता. पडवीतून चाळीस मीटरची बारीक नळी त्या शेताच्या बांधापर्यंत गेली होती. यंत्र नळीतून शेतातली हवा ओढून घेई. आत पाण्याच्या वाफेपासून तयार केलेले आयन असत. हवेतून जो वासाचा रेणू येईल त्याला ते आपल्याजवळचा एक प्रोटॉन देत. प्रोटॉन मिळाला की रेणूवर विद्युतभार येई आणि मग त्याचं वजन करता येई. वजनावरून वास ओळखायचा. कळंबोलीकडून वारा आला की ट्रकचं डिझेल दिसे, आणि सोनाबाईंनी फोडणी टाकली की पडद्यावर कांदा दिसे.

हे सगळं सुशांतने पहिल्याच दिवशी सोनाबाईंना समजावून सांगितलं होतं. त्यांनी पदराने घाम पुसत लक्षपूर्वक ऐकलं.

"म्हंजे आला वास तर त्याला रिकाम्या हातानी जाऊ देत नाय," त्या म्हणाल्या.

"तसंच म्हणा मावशी."

"चांगल्या वळनाची हाय तुजी पेटी. आनी तू डॉक्टर हायस ना? मंग माजा ह्यो उजवा गुडगा बग जरा."

"मी तसला डॉक्टर नाही हो मावशी."

"बरा," सोनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो विषय पुन्हा त्याच्याकडे काढला नाही.

संध्याकाळी निघताना त्यांनी सुशांतच्या हातात एक स्टीलचा डबा ठेवला. त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी होती. घरी शोभाताईंनी, म्हणजे सुशांतच्या आईने, डबा घासून पुसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यात रव्याचे लाडू भरले. "रिकामा डबा परत द्यायचा नसतो," एवढंच त्या म्हणाल्या. मग डब्यातून काकड्या आल्या, नारळाच्या वड्या गेल्या. शिराळी आली, शंकरपाळे गेले. दोन महिने हा डबा सुशांतच्या स्कूटरच्या हँडलला लटकून पनवेलच्या रस्त्यांवरून ये-जा करत होता, आणि आत काय आहे हे बघण्याची सुशांतला कधी गरज वाटली नाही. दोघी बायका एकमेकींना न बघता फोनवर अर्धा-अर्धा तास बोलू लागल्या आहेत, हेही त्याच्या गावी नव्हतं.

त्याच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. यंत्र एका हंगामासाठी उसनं मिळालेलं होतं. शुक्रवारी त्याच्या संशोधन संस्थेची समिती बसणार होती. काम पुढे चालू ठेवायचं की यंत्र परत पाठवायचं, हे ती ठरवणार होती. यंत्र गेलं की सुशांतची जागाही गेली, आणि त्याच्याबरोबर सईचीही. सई कामोठ्याला राहायची आणि संस्थेत बसून भातावरच्या रोगांचं गणिती मॉडेल चालवायची. उष्णता, दमटपणा, पानांवरचं दंव आणि सुशांतच्या यंत्रातले आकडे तिने मॉडेलला भरवले की ते सांगे, करपा रोग येणार की नाही आणि कधी. दोन महिने ते रोज एकच सांगत होतं, येणार नाही. पीक उत्तम होतं, आणि त्यामुळे समितीला दाखवायला काही नव्हतं. शेत निरोगी आहे म्हणून आपण रडकुंडीला आलोय, हे सुशांतला काशिरामसमोर बोलताही येत नव्हतं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता पडद्यावर एकशे त्रेपन्न नंबरची रेघ उठली.

सुशांत खुर्चीतून उठून उभा राहिला. या वासाच्या रेणूचं वजन एकशे बावन्न, प्रोटॉनचं एक. मिथाइल सॅलिसिलेट. रोप आजारी पडू लागलं की हा वास हवेत सोडतं, हे त्याने शंभर वेळा वाचलं होतं. पाच वाजता रेघ खाली बसली. बुधवारी दोन वाजता पुन्हा उठली, आदल्या दिवशीपेक्षा उंच. त्याने सईला फोन लावला.

"पानं बघितलीस?" सईने विचारलं.

"एक डाग नाही."

"म्हणजे दिसायच्या आधी कळलंय आपल्याला," सई म्हणाली. "थांब, मॉडेल रन करते." पाच मिनिटांनी तिचा फोन आला. "तीन दिवसांत करपा. सुशांत, मी दमयंती मॅडमना सांगू?"

"सांग."

दमयंती मॅडम समितीच्या अध्यक्ष. साठीच्या आसपास, कडक, आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शुक्रवारची बैठक संस्थेतून उचलून थेट बांधावर ठेवली.

आता काशिरामला सांगणं भाग होतं. त्याने ऐकलं, शेताकडे पाहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. गुरुवारी सकाळपासून रोग बघायला माणसं लोटली. रोग दिसत नाही म्हटल्यावर तर आणखी लोटली. आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोनाबाई सोडत नसत. दुपारपर्यंत त्यांनी पन्नासेक कप चहा केला, तितक्याच वेळा उठबस केली, आणि दोन वाजता त्या लंगडत बांधाकडे गेल्या. काशिरामने कुणाचा तरी पाठीवरचा फवारणीचा पंप मागून आणला होता. तो चालतो की नाही हे बघायला पाण्याने भरून पाठीवर घेतला, आणि त्याच्या कमरेत उसण भरली. तोही बायकोपाशी बांधावर जाऊन पालथा पडला.

त्या दुपारी एकशे त्रेपन्नची रेघ पडद्याच्या वरच्या टोकाला टेकली.

"मॉडेल आता तीन दिवस म्हणतच नाहीये," सई फोनवर म्हणाली. "उद्या म्हणतंय."

संध्याकाळी सोनाबाईंनी एक पान तोडून उजेडात धरलं. "पान तर सोच्छ हाय रे. मी पस्तीस वर्सा भात बगते. काय मारायचा ह्याच्यावर?"

"तेच तर मावशी. तुमच्या डोळ्यांना दिसायच्या आधी यंत्राला कळलं."

सोनाबाईंनी पान खाली ठेवलं. "कलला असंल," त्या म्हणाल्या. दोन महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा डबा द्यायचा राहून गेला. ही गोष्टही सुशांतच्या लक्षात आली नाही.

शुक्रवारी समिती आली. सई आली. काशिराम कमरेला टॉवेल आवळून बांधावर औषध भरलेल्या पंपाजवळ उभा होता. समितीने बघितलं की लगेच फवारायचं, असं ठरलं होतं. सुशांतने पडवीत आलेख दाखवले. मॅडमनी ते एकेक करून पाहिले.

"हवा कुठून घेता ते दाखवा."

सगळी वरात बांधावर गेली, मागून सोनाबाईही लंगडत आल्या. करंजाच्या सावलीत काठीला नळीचं तोंड बांधलेलं होतं आणि शेजारी एक गोणपाट अंथरलेलं होतं. मॅडम नळीपाशी वाकल्या. त्यांनी श्वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"इथे कोण बसतं?"

"मी बसते," सोनाबाई म्हणाल्या. "दोन ते पाच. सैंपाकपानी आवरला की."

"कशासाठी?"

"नली राखाला. सुरवातीला शेलीनी चावलेली ना. ह्यो बोलला, मावशी, नलीकडं लक्ष असू द्या. तवापासून बसते."

सुशांतला आठवलं. पहिल्या आठवड्यात, हेल्मेट घालता घालता, तो तसं म्हणाला होता खरा. दोन महिने एक बाई रोज दुपारी तीन तास त्या एका वाक्यापायी बांधावर बसत होती.

"आणि गुडघ्याला काय लावता?" मॅडमनी विचारलं.

सोनाबाई संकोचल्या. त्यांनी कमरेला खोचलेली एक ट्यूब काढली. "ह्यो मलम. लय गुन आला. काल ह्यांच्या कमरंला पन लावला."

मॅडमनी आपली पर्स उघडली आणि तसलीच एक ट्यूब बाहेर काढली. "मीही हेच लावते. बारा वर्षं झाली. वाकल्याबरोबर ओळखला वास." चष्मा लावून त्यांनी ट्यूब उलटी केली आणि ती सुशांतच्या डोळ्यांसमोर धरली. "मागे काय छापलंय वाचा."

सुशांतने वाचलं. यादीतलं पहिलंच नाव मिथाइल सॅलिसिलेट होतं.

सईनेही ते वाकून वाचलं. काशिरामने पंपाचा दांडा सोडला.

"मावशी, हे मलम आलं कुठून?" सुशांतने विचारलं.

"कुठून म्हंजे? तूच तर आनून दिलास. सोमवारी. चिवड्याच्या खाली व्हता."

त्याने तिथूनच आईला फोन लावला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि स्पीकर चालू झाला, आणि शोभाताईंचा आवाज सगळ्या समितीने ऐकला.

"हो, मीच पाठवलं. ती बिचारी तुला गुडघा दाखवायला गेली तर तू म्हणालास, मी तसला डॉक्टर नाही. म्हटलं, कोणीतरी बघायला नको का? का रे, संपलं का तिचं?"

सुशांतने फोन बंद केला. आता यंत्र जाणार, जागा जाणार, आणि हे सगळं आपणच स्कूटरला लटकवून आणलं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

मॅडम मात्र पडवीकडे निघाल्या होत्या. तिथे पडद्यासमोरून हाका मारून त्यांनी सोनाबाईंना नळीपासून वीस पावलं लांब बसवलं. रेघ खाली बसली. मग जवळ बोलावून ट्यूबचं झाकण उघडायला सांगितलं. रेघ उठली. झाकण लावलं, बसली. असं त्यांनी चार वेळा केलं, आणि चौथ्या वेळी त्या हसल्या. त्यांना हसताना सईने पहिल्यांदाच पाहिलं.

"यंत्र उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "एका माणसाचं दुखणं चाळीस मीटरवरून पकडतंय. आता गुडघा वजा करा आणि खाली काय उरतं ते बघा."

"वजा कसा करणार?" सई म्हणाली. "मावशी नक्की कधी येतात, कधी उठतात..."

"दोनला येते, नलाला पानी सुटला की पाचला उठते," सोनाबाई म्हणाल्या. "लावते दोनदा. बसल्या बसल्या एकदा नि चारला एकदा. त्याच्यात बदल नाय."

समिती चहा पीत असताना सई आणि सुशांतने सोनाबाईंचा गुडघा आणि काशिरामची कंबर आलेखातून काढून टाकली. दुपारचे डोंगर सपाट झाले. उरली ती एक अगदी बारीक उंचवट्याची रेघ. ती बुधवारपासून पहाटे, वारा उत्तरेकडून असला की येत होती, आणि तेव्हा सोनाबाई घरात झोपलेल्या असत. मोठ्या रेघेच्या दिमाखात तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. सईने तेवढीच मॉडेलला भरवली. मॉडेल म्हणालं, उत्तरेचा कोपरा, दहा दिवस.

"आज फवारू नका," मॅडमनी काशिरामला सांगितलं.

अकराव्या दिवशी उत्तरेच्या कोपऱ्यात, तिथल्या दुसऱ्या करंजाच्या दाट सावलीत, सोनाबाईंना पानावर पहिला डाग सापडला. त्यांनी स्वतः फोन करून सुशांतला कळवलं. काशिरामने तेवढ्या कोपऱ्यावर औषध मारलं. बाकीचं शेत तसंच उभं राहिलं आणि दिवाळीनंतर कापलं गेलं. यंत्राला आणखी दोन हंगाम मिळाले.

मॅडमच्या सांगण्यावरून गावासाठी मराठीत एक छोटी पुस्तिका काढायची ठरली. शेवटच्या पानावरचा ऋणनिर्देश सुशांतने मन लावून लिहिला. त्याला खरोखर भरून येत होतं. त्याने संस्थेचे आभार मानले, समितीचे मानले, सईचे, पडवी देणाऱ्या काशिरामचे मानले. सगळ्यांत शेवटी लिहिलं, 'नळीची दोन महिने राखण करणाऱ्या सोनाबाई, आणि त्यांचा उजवा गुडघा, यांचे ऋण न फिटणारे आहे.' दोनशे प्रती छापून आल्या. पहिली प्रत त्याने डब्यात घातली. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, हे आता त्यालाही कळलं होतं.

दोन दिवसांनी डबा परत आला. शोभाताईंनी तो ओट्यावर उघडला. आत नवा तांदूळ होता आणि वर ती पुस्तिका होती.

"परत कशाला पाठवली?" सुशांत म्हणाला. "आवडली नाही का मावशींना?"

शोभाताईंनी शेवटचं पान उघडून वाचलं. मग पान त्याच्यासमोर धरलं. ऋणनिर्देशाच्या खाली, चौथीत शाळा सुटलेल्या सोनाबाईंच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, निळ्या पेनाने एक ओळ वाढवलेली होती, 'आनी शोभाताईचा मलम.'

सुशांतने छापलेला मजकूर वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. सगळे होते. आई नव्हती.

"असू दे रे," शोभाताई म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला घेतला. पण पुस्तिका त्यांनी देवाच्या फळीवर नेऊन ठेवली.

सुशांतने उरलेल्या एकशे नव्व्याण्णव प्रती काढल्या, निळं पेन शोधलं आणि आईशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. प्रत्येक प्रतीत ती ओळ लिहिताना 'आनी' त्याने सोनाबाईंनी लिहिलं होतं तसंच ठेवलं.