म्हात्रेकाकांचे दुपारचे थेंब

दुपारचं जेवण झालं की आमचं अख्खं अष्टमी गाव आडवं होतं. आमचे शेजारी म्हात्रेकाका मात्र नेमके तेव्हाच ओट्यावर येऊन जिभेखाली थेंब सोडतात. मग डोळे मोठ्ठे करून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत उभे राहतात. काही विचारलं तर हातानेच गप्प करतात आणि थोड्या वेळाने जाहीर करतात, "हां, प्लांट चालू झाला."

काका कंपनीत ऑपरेटर होते. उभा जन्म शिफ्ट केल्या, त्यात नाइट जास्त. त्यामुळे स्वतःच्या डोक्याबद्दलही ते मशिनरीसारखंच बोलतात. काही आठवलं नाही की "प्लांट ट्रिप झाला, बंद पडला" म्हणतात. त्यांच्या फळीवर या थेंबांच्या बाटल्या: अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी आणि कुठल्याशा थंड देशातल्या मुळाचा अर्क. पूल ओलांडून रोह्याला जायचं आणि नवी बाटली आणायची, हा त्यांचा आवडता उद्योग. तिथल्या दुकानदाराने एकदा चूर्ण पुढे केलं, तर काका रागावून परत आले आणि मला म्हणाले, "अर्क पायजे गो. पूड म्हंजे कच्चा माल!"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे बाटल्यांवरचा मजकूर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. एका बाटलीवर लिहिलं होतं, थकवा घालवून तरतरी आणते. खालीच लिहिलं होतं, शांत झोपेसाठी उपयुक्त.

"काका, हे उठवतं की झोपवतं?"

"शरीराला कळतं गो, काय पायजे ते."

"आणि शरीराचाच घोळ झाला तर?"

"तं थेंब वाढवायचे!"

एकदा पेपर तपासताना मीही घेऊन बघितले. तरतरी आली की गुंगी, ते अजून कळलेलं नाही. मुलांना मार्क मात्र भरपूर पडले.

माझा खरा गोंधळ वेगळाच होता. या रिटायर माणसाला भर दुपारी तरतरी हवी कशाला? बरं, थेंब घेऊन काका करायचे काय, तर आत जाऊन चटईवर डोळे मिटून पडायचे! काकींना विचारलं तर म्हणाल्या, "काय म्हायत. पडले का ढाराढूर." काकी मुळातच अबोल. नवऱ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे "चहा टाकू का?" एवढंच.

एकदा अश्वगंधा जास्त झाली आणि काका संध्याकाळपर्यंत खरोखरच झोपले. उठल्यावर बाटली परसात भिरकावून दिली. "आजची दुपार गेली गो," असं म्हणून तोंड पाडून बसले. काय गेलं, ते काही सांगेनात.

मग एके दुपारी पेणहून आणलेले पापड द्यायला मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका चटईवर डोळे मिटून पडलेले. उशाशी बसून काकी वाल सोलत होत्या आणि हळू आवाजात अखंड बोलत होत्या. "...घरात पानी शिरलं, तुम्ही डूटीवर. एकटीनं गादी माळ्यावर चढवली. पन भ्याले नाय हां मी."

मी दारातच थबकले. तेवढ्यात काकांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं. मी पापड घेऊन तशीच मागे फिरले.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. "नाइट करून मी झोपायचो, तवा ती अशीच बोलत बसायची. मला कुठं म्हायत? रिटायर झाल्यावर एका दुपारी झोप लागली नाय, डोळे मिटून पडलो, तं ऐकलं. डोळे उघडले का गप! लगेच 'चहा टाकू का?' आता त्या वक्ताला झोपायची सवय अंगात मुरलीय, म्हनून हे थेंब. एवढी वर्सं झोपून घालवली. आता एक शब्द सोडायचा नाय."

मी विचारलं, "काकींना ठाऊक आहे, तुम्ही जागे असता ते?"

काका गोंधळले. "तेच तं कळत नाय. आज तू गेल्यावर म्हनाली, 'थेंब लई कडू असतील, वर गूळ खात जा.' झोपलेल्या मानसाला असं कोन सांगतं?"

दुसऱ्या दुपारी ओट्याच्या कठड्यावर वाटीत गुळाचा खडा होता. काकांनी थेंब घेतले, गूळ तोंडात टाकला, खांबाकडे बघायचंही विसरले आणि घाईघाईने आत जाऊन डोळे मिटून पडले.