हौसाआक्काच्या सरपंचिणीचं डोहाळजेवण

आमच्या कोल्हारात सकाळी दात घासता घासता गल्लीत नजर टाकलीत, तर एक बाई शेळीच्या पोटाला कान लावून, डोळे मिटून बसलेली दिसेल. तिला हाक मारू नका. शेळीलाही मारू नका. दोघींचं काम चाललेलं असतं.

ती हौसाआक्का. माझी शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि तीही नावापुरती, कारण आक्का नुसती शिंकली तरी आमच्या फळीवरची भांडी हलतात. शेळी गाभण आहे की नाही, असली तर पोटात किती करडं आहेत, त्यातलं कोण शहाणं निघणार आणि कोण वांड, हे सगळं आक्का कानानं सांगते. कुणी शंका काढली की तिचा ठरलेला सवाल तयार असतो : "कान हाय का भोपळा हाय माझा?"

ह्या कानाची कीर्ती नगर-मनमाड रस्त्यानं दोन्ही अंगांना पसरलेली आहे. शिर्डीला निघालेल्या गाड्या आमच्याकडं चहासाठी थांबतात, असं चहावाला समजतो. समजू दे बिचाऱ्याला. एकदा बबनचा टेम्पो चालू होईना. बबन म्हणजे आक्काचा पुतण्या. आक्काच्याच घरात राहतो, शिर्डीच्या दुकानांना फुलं पोचवतो. मेकॅनिक आला, घाम पुसून गेला. मग आक्कानं बॉनेटला कान लावला. "जीव हाय ह्याच्यात, पर विच्छा न्हाई," म्हणाली आणि एक लाथ घातली. टेम्पो असा सुटला की बबनला तो राहात्याच्या पुढं जाऊन धरावा लागला. एकदा गावातले एक वजनदार पुढारी पोट धरून तिच्या ओट्यावर येऊन बसले. आक्कानं त्यांनाही सोडलं नाही. कान लावला, सावकाश ऐकलं आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "जुळं न्हाई. वाटाना हाय."

अशी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही. इतरांच्या गावात कारखाने असतील, कॉलेजं असतील. आमच्या गावात आक्काचा कान आहे.

दुसरी गोष्ट तिच्या गोठ्याची. आक्काचं माहेर शनिशिंगणापूरचं. तिकडं घरांना दारं नसतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण आक्का लग्न होऊन आली ती माहेर बरोबरच घेऊन. घराला दार सासऱ्यांनी आधीच लावलेलं होतं, त्याला तिचा इलाज चालला नाही. गोठा मात्र तिनं स्वतः उभा केला, आणि त्याला चौकट आहे, दार नाही. कडी नाही, कुलूप नाही, साधा आडवा बांबूसुद्धा नाही. गल्लीतल्या लोकांनी समजावलं, "आक्का, उसातून बिबट्या येतो." आक्का म्हणाली, "येऊ दे की. शनिद्येवाला घाबरंल त्यो." आणि खरं सांगतो, एकदा बिबट्या आलाही होता. चौकटीपर्यंत आला, आत आक्का शेळीच्या पोटाला कान लावून बसलेली दिसली, तसा चारही पायांचा आवाज न करता माघारी गेला. हे मी पाहिलेलं नाही, पण बिबट्याच्या पावलांत शरम स्पष्ट उमटलेली होती.

"माझ्या गोठ्यातून काडी बी कुनी नेली न्हाई," हा आक्काचा अभिमान. आणि तो खरा होता. काडी कुणी नेली नव्हती.

ह्या गोठ्यात एक शेळी होती सरपंचीण. अस्सल संगमनेरी, पांढरीशुभ्र, लांब कानांची. कळपात सगळ्यांच्या पुढं चालायची, कुणाचं ऐकायची नाही, आणि दुसऱ्याच्या बांधावरचं आधी खायची; म्हणून ते नाव. दुसरी होती उगीच. आक्कानं बाजारातून एक शेळी घेतली, तेव्हा विकणाऱ्यानं "ही बी घेऊन जा, उगीच मागं लागलीय" म्हणून वर दिलेली ही किडमिडी पाट, म्हणजे अजून न व्यालेली कोवळी शेळी. तिच्याकडं कुणी बघायचंसुद्धा नाही. गोठ्यातला सगळा मान सरपंचिणीचा.

सरपंचिणीला रीतसर, गाजावाजा करून, शेजारच्या सत्तारचाचांच्या सुलतानाकडं नेलं होतं. सुलतान हा आमच्या पंचक्रोशीतला देखणा बोकड. एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ, दाढी अशी की न्हाव्यानं बघत राहावं. पुढं सरपंचिणीचं पोट दिसायला लागलं. आक्कानं कान लावला आणि जाहीर केलं, "दोन हायेत."

जनावरांचे डॉक्टर तरुण आणि भले माणूस. ते म्हणाले, "आक्का, एकदा सोनोग्राफी करून बघू या. कधी कधी पोट दिसतं, पण..."

"कान हाय का भोपळा हाय माझा? दोन हायेत. एक झोपलंय म्हनून हालत न्हाई, बास."

डॉक्टर हसले आणि गेले. आक्कानं लगेच पुढचं काम काढलं : सरपंचिणीचं डोहाळजेवण.

हसू नका. तुमच्या गावात कुणी असं केलं असतं तर तुम्ही हसला असता. आमच्या गावात बायका साड्यांना इस्त्री करायला लागल्या. बबननं शिर्डीला न्यायच्या मालातून फुलांचा एक भारा घरीच ठेवला. फुलांचा मुकुट झाला, हार झाले, बाशिंगासारखं काहीतरी झालं. सत्तारचाचांच्या घरून शिरखुर्मा आला. मुलाकडची बाजू म्हणून चाचा फेटा बांधून खुर्चीत बसले. दाजींनी कडुनिंबाला झोका बांधला. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, महिन्यातून एक वाक्य बोलणारे. झोका बांधून झाल्यावर ते त्या महिन्याचं वाक्य बोलले, "बसंल का?"

सरपंचीण झोक्यात बसली नाही, उभी राहिली. आणि तशी उभी राहूनच तिनं अंगावरचे दागिने खायला सुरुवात केली. बायका डोहाळ्याची गाणी म्हणत होत्या, आणि मुकुट कपाळावरून तोंडात चालला होता.

मग आलं बर्फी-पेढ्याचं. ही रीत तुम्हाला ठाऊकच असेल. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत बर्फी, एकीत पेढा. बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा. माझ्या आईनं दोन्ही वाट्यांवर केळीची पानं झाकली आणि ताट पुढं धरलं. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. सरपंचिणीनं दोन्ही वाट्या उलथ्या केल्या, पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली, वरची पानं खाल्ली आणि आईच्या पदराकडं वळली.

"बघा!" आक्का ओरडली. आमची भांडी खाली पडल्याचं इथपर्यंत ऐकू आलं. "एक बोकड, एक पाट! म्या काय म्हनले हुते?"

बबननं फोटो काढले, मोबाईलवर स्टेटसला टाकले. त्या दिवशी नगर जिल्ह्यात तो फोटो न पाहिलेला माणूस एक तर आजारी होता, नाही तर खोटं बोलत होता.

आणि मग एका सकाळी ढगफुटी झाली.

आभाळात नव्हे, गोठ्यात. सरपंचीण उठली, अंग ताणलं, आणि तिच्याकडून पाणी सुटलं ते सुटलंच. गोठा भिजला, अंगण भिजलं, आमच्या ओट्यावरच्या चपला तरंगल्या. खाली प्रवरेला पाणी वाढलं असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांना अडवत नाही. पाणी सरलं आणि पोटही सरलं. आत दोन नव्हती. एकही नव्हतं.

डॉक्टर आले, तपासून म्हणाले, "खोटी गाभण. पिशवीत नुसतं पाणी साठतं. शेळीच्या अंगालाही खरंच वाटतं, आक्का. बघा, कासेत दूधसुद्धा उतरलंय. तिचा दोष नाही, तुमचाही नाही."

पण गल्लीला कुठं दोष हवा होता? गल्लीला मजा हवी होती. "काय बबन, टँकर टाकला व्हय?" "आक्का, ग्रामपंचायतीत अर्ज द्या, नळयोजना करू." "पेढा परत द्या म्हनावं सरपंचिनीला!"

सकाळभर आमच्या फळीवरची भांडी जागच्या जागी राहिली, आणि आईला ते इतकं असह्य झालं की तिनं स्वतःच एक पातेलं आपटलं.

गोठ्यात सरपंचीण फिरत होती. गव्हाणीखाली नाक घालायची, ओली माती चाटायची, घशातल्या घशात हाक मारायची. कुणाला तरी शोधत होती. बबनला मात्र ते दिसत नव्हतं. त्याच्या मोबाईलवर सबंध जिल्हा हसत होता. तो तडक गेला आणि शेळ्यामेंढ्यांच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. हातात दावं.

"काकी, ही जाऊ दे आता."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? तुला ठावं हाय कुठं. करडू न्हाई, काय न्हाई, नुसती खोटारडी. पुन्यांदा असंच करनार ही."

दार नसलेल्या दारात आक्का आडवी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला तिथं दार असावंसं वाटलं असेल. बबननं तिच्या बगलेखालून हात घालून सरपंचिणीच्या गळ्यात दावं अडकवलं आणि ओढलं.

सरपंचीण उलट्या दिशेला निघाली. कडब्याच्या गंजीकडं. आणि ती जेव्हा ठरवते तेव्हा बबनच काय, त्याचा टेम्पोही ओढला गेला असता. बबन मागं, व्यापारी त्याच्या मागं, आम्ही सगळे त्यांच्या मागं, अशी वरात गंजीआड पोचली.

तिथं उगीच उभी होती. चेहरा असा, की जणू कुणी तरी आपल्याजवळ पिशवी ठेवून 'आलोच' म्हणून गेलं आणि परतलंच नाही. आणि तिच्या पायांशी ओलंचिंब, थरथरतं एक करडू पडलं होतं. एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ.

मग सगळ्यांनी मिळून सत्तारचाचांकडं पाहिलं.

"दुनियेत काळा डोळा काय एकाचाच असतो का?" चाचा म्हणाले, पण फेट्याविना त्यांचा आवाज पडला होता.

"पर ही तर लेकरू हाय अजून," आक्का पुटपुटली. "हिला मी कुठं नेलीच न्हाई. अंगाला बोकडाचा वास येत हुता, मला वाटलं वारं तुमच्याकडून हाय."

"आक्का," माझी आई म्हणाली, "न्यायला कुनी येत न्हाई तुझ्या गोठ्यात, ते खरं. देऊन जानाऱ्याला कोन अडवनार?"

इतकं हसलो की व्यापारीही हसला. फक्त करडू हसत नव्हतं. ते उठायचं, उगीचकडं जायचं, आणि उगीच त्याला लाथ घालायची. तिची कास म्हणजे चिमूटभर. दूध नाही, समज नाही. अजून गोठ्यातच थांबलेले डॉक्टर खाली बसले. "लौकर चीक पोटात गेला नाही, तर हे टिकायचं नाही," म्हणाले. हसू थांबलं.

तेव्हा सरपंचीण पुढं झाली. दावं बबनच्या मुठीतच होतं, पण त्यानं ते कधी सैल सोडलं ते त्यालाही कळलं नाही. तिनं करडाला हुंगलं. मग घशातली ती हाक, सकाळपासून मातीला मारत होती ती, ह्या वेळी करडाच्या कानात मारली. आणि त्याला चाटायला लागली. पाठ, मान, तो काळा डोळा. करडू तिच्या पोटाखाली गेलं, दोनदा डोकं आपटलं, आणि शेपटी अशी हलायला लागली की वाऱ्यानं गंजीतला कडबा उडाला.

"चालेल का हो?" बबननं डॉक्टरांना विचारलं. आवाज अगदीच बारीक.

"पळेल," डॉक्टर म्हणाले. "थोडा चीक उगीचचाही काढून पाजू. पण आई हीच."

आक्काचा आवाज परत आला. "म्या काय म्हनले हुते? सरपंचिनीला करडू हुनार! झालं का न्हाई?" आमची भांडी धडाधडा कोसळली. आई आनंदानं म्हणाली, "पडू दे." बबननं व्यापाऱ्याला चहा पाजला आणि मोकळ्या दाव्यासकट वाटेला लावलं. सांगा, आहे का दुसरीकडं कुठं अशी गल्ली?

बायका कामाला लागल्या. सरपंचिणीच्या गळ्यात ओटी भरतानाच्या हिरव्या बांगड्या दोऱ्यात ओवलेल्या तशाच होत्या. आईला वाटलं, व्याली ती उगीच, मान तिचा. "ह्या काढून तिच्या गळ्यात घालू," म्हणून तिनं दोऱ्याला हात घातला.

आक्कानं तिचा हात धरला.

"नगं."

"अगं, तिचं खोटं हुतं ना? खरी हिची..."

"माझ्या काढल्या हुत्या," आक्का म्हणाली. तिला इतक्या हळू बोलता येतं हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. "लग्नानंतर. पोट आलं हुतं, ओटी भरली हुती, समदं झालं हुतं. मंग दवाखान्यात म्हनले, काय न्हाईच आत. घरी आले तशी सासूनं हिरव्या बांगड्या उतरवून घेतल्या. म्हनली, खोट्याला कशाला." तिनं सरपंचिणीच्या गळ्यातला दोरा सरळ केला. "खोटं नव्हतं, बाई."

दाजी झोक्याचा दोर गुंडाळत होते. ते थांबले, पण वळले नाहीत.

आई खाली बसली, आपल्या मनगटातल्या दोन हिरव्या बांगड्या उतरवल्या, आणि उगीचच्या गळ्यात बांधायला दोरा शोधू लागली.