जावयांनी दुरुस्त केलेला कॅमेरा

रॉबिनला तसं कुणी कॅमेरा दुरुस्त करायला सांगितलंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही. त्याची बायको जेसिका दौंडला माहेरी जाऊन आली, ती आईकडचा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, शिरूरला जाल तेव्हा एवढा हौसरावांच्या स्टुडिओत दाखवा. फोटोच निघत नाही त्यात."

आता शहाण्या माणसानं कॅमेरा पिशवीत घातला असता आणि हौसरावांना दाखवला असता. पण रॉबिन रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला अठरा वर्षं काढलेला माणूस. कारेगावच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा मिक्सर बंद पडला, की तो न बोलावता पक्कड घेऊन जिना चढतो. (मिक्सर चालू होतोच असं नाही. पण जिना चढतो.)

"हौसराव कशाला? मी हाय की," तो म्हणाला.

"येत्या रविवारी लागणार आहे हं. आईनं मुद्दाम सांगितलंय."

"शनिवारी हातात देतो. सांग त्यांना."

जेसिकानं लगेच फोन करून सांगितलं, आणि तिथंच माशी शिंकली.

कॅमेरा होता रॉबिनच्या सासऱ्यांचा, जॉर्ज यांचा. रेल्वेतून रिटायर झालेले जॉर्ज दहा महिन्यांपूर्वी वारले. दौंडच्या त्यांच्या चर्चमध्ये दर वर्षी सुगीचा सण होतो. कुणी केळीचा घड आणतं, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी, आणि प्रार्थना झाली की सगळी मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर फोटोला उभी राहतात. तो फोटो पंधरा वर्षं जॉर्जच काढायचे, ह्याच कॅमेऱ्यात. ह्या वर्षी तो आपण काढायचा, असं सासूबाईंनी, म्हणजे प्रेमाबाईंनी ठरवलं होतं. मोबाईलवर काढून देणारे पन्नास जण तयार होते, पण प्रेमाबाईंना जॉर्ज यांचाच कॅमेरा पाहिजे होता.

बुधवारी रॉबिनला सेकंड शिफ्ट होती. सकाळी जेसिका तिच्या शाळेत गेल्यावर त्यानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कॅमेरा चालू केला. लेन्स बाहेर आली, स्क्रीन उजळला, बॅटरी फुल. बटण दाबलं तर फोटो निघेना. स्क्रीनवर स्पष्ट अक्षरांत मेसेज आला, की मेमरी कार्ड लॉक आहे.

कुणीही म्हणेल, मग कार्ड काढून बघ. पण मेंटेनन्सच्या माणसाचं तसं नसतं. सहा वर्षांपूर्वी कंपनीत एका प्रेसच्या पॅनलवर 'ऑइल कमी' असा अलार्म यायचा. ऑपरेटर ऑइल ओतून ओतून दमला, आणि शेवटी निघालं काय, तर उंदरानं वायर कुरतडली होती. ती वायर रॉबिननं शोधली होती, त्याबद्दल प्लॅंट हेडनं त्याला सगळ्यांसमोर फूल दिलं होतं, आणि त्या दिवसापासून पॅनलवर जे लिहिलेलं असतं ते कधीच खरं नसतं, असं त्याचं ठाम मत झालेलं.

त्यानं कंपनीच्या पद्धतीप्रमाणे वहीत 'व्हाय-व्हाय ॲनालिसिस' केलं. फोटो का निघत नाही? कार्ड लॉक दाखवतंय म्हणून. लॉक का दाखवतंय? कार्डाच्या झाकणाचा स्विच चुकीचा सिग्नल देतोय म्हणून. स्विच चुकीचा सिग्नल का देतोय? जुना झाला म्हणून. पाच वेळा 'का' विचारायचा नियम आहे, पण तिसऱ्यालाच उत्तर इतकं पटलं, की पुढचे दोन त्यानं सोडून दिले. झाकणाच्या स्विचला वायर लावून तो बायपास करायचा. कंपनीत सेन्सर असेच बायपास होतात. (सेफ्टी ऑफिसर गावाला गेलेले असले, की.)

स्क्रू निघाले चौदा. वरचं कव्हर उचलताना बोट फ्लॅशजवळ गेलं. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही करंट धरून बसतो, हे रॉबिनला पक्कं माहीत होतं, आणि शॉक बसल्यावर ते आठवलंही. हात झटक्यात मागं आला, कोपर चहाच्या कपाला लागलं, आणि कप वाचवायला गेला तर कॅमेऱ्यातली कागदासारखी पातळ केबल बोटात अडकून टर्रकन फाटली. कप वाचला.

तरी गडी हटला नाही. वायर लावली, सोल्डरनं डाख दिला, कव्हर बसवलं. स्क्रू लागले अकरा. कॅमेरा चालू केला, तर लेन्स निम्मी बाहेर येऊन वाकडी होऊन बसली आणि स्क्रीन काळा. रॉबिन स्वतःशी म्हणाला, "चला, मेसेज तरी गेला."

मग मात्र त्यानं कॅमेरा पुन्हा खोलला, आणि तो परत काही जुळेना.

जेसिकानं विचारलं, "झाला का?" तर म्हणाला, "टेस्टिंगला आहे." गुरुवारी विचारलं तर, "ऑब्झर्व्हेशनला ठेवलाय." अठरा वर्षांत प्रॉडक्शनवाल्यांना हीच उत्तरं देत आला होता, पण बायकोला देताना त्याला तिच्याकडं बघवेना. कॅमेऱ्याचे अवशेष त्यानं टिफिनच्या जुन्या डब्यात घालून डबा बॅगेत दडवला.

शुक्रवारी प्रेमाबाईंचाच फोन आला.

"रॉबिन, चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं मी, जावयांनी स्वतः दुरुस्त केलाय म्हणून. ते रविवारी तुमचे आभार मानणार आहेत."

"आई, आभार कशाला..."

"असू द्या हो. खरं सांगू का, हे गेल्यापासून कशाची वाट बघावी असं वाटलंच नव्हतं मला. रविवारची बघतेय."

रॉबिन "हो आई" म्हणाला आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन उगाच हात धुवत बसला. इतकी लाज त्याला बारावीला दोनदा नापास झाला तेव्हाही वाटली नव्हती.

शनिवारी तो डबा घेऊन शिरूरला हौसरावांच्या स्टुडिओत गेला. हौसरावांनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि चष्मा काढला.

"हे कुनी केलं?"

"एक ओळखीचा हाय."

"त्याच्याशी वळख कमी करा. मुळात बिघडलं काय व्हतं? मेसेज कसला येत व्हता स्क्रीनवर?"

आता इथं खरं बोलला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मेसेज वाचूनही कॅमेरा फोडला, हे एवढ्या जाणत्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार?

"काय न्हाई. मेसेजच नव्हता," रॉबिन म्हणाला.

"मग औघड हाय," म्हणून हौसरावांनी झाकण लावलं. पण त्यांच्या शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या फुलांशेजारी, अगदी त्याच मॉडेलचा कॅमेरा होता. रॉबिननं इतकी गयावया केली, की शेवटी तो त्यांनी काढून दिला. हौसरावांच्या कार्डावर चार फोटो काढून बघितले. फर्स्ट क्लास निघाले. रॉबिनला वाटलं, सुटलो.

रविवारी दौंडला पोचल्यावर गाडीतच त्यानं ह्या कॅमेऱ्यात डब्यातलं सासऱ्यांचं जुनं कार्ड बसवलं, म्हणजे जुने फोटो आतच दिसतील आणि कुणाला शंका यायची नाही. स्वतःच्या हुशारीचं त्याला क्षणभर कौतुकही वाटलं. प्रार्थनेत पाळकसाहेबांनी "आपले जावई रॉबिन, ज्यांच्या हातांना देवानं कौशल्य दिलं आहे" असं म्हटलं, तेव्हा त्यानं ते हात खिशात घातले.

मग सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी राहिली. ऐंशी एक माणसं, पुढं बसलेली म्हातारी मंडळी, कुणाच्या काखेत कोंबडी. प्रेमाबाई समोर उभ्या राहिल्या, पदर खोचला, कॅमेरा डोळ्यासमोर धरला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. त्यांनी स्क्रीन बघितला, मग रॉबिनकडं बघितलं. रॉबिन धावत जवळ गेला. स्क्रीनवर लिहिलं होतं, मेमरी कार्ड लॉक आहे.

कॅमेरा दुसरा, मेसेज तोच. म्हणजे पॅनल खरं बोलत होतं. पाठीमागून जेसिका म्हणाली, "अहो, तुम्ही तर टेस्टिंग केलं होतं ना?" आणि पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं, "जावयांना बोलवा की, जावयांना."

प्रेमाबाईंनी शांतपणे झाकण उघडून कार्ड बाहेर काढलं. कार्डाच्या कडेला भाताच्या शिताएवढा एक खटका होता. तो त्यांनी नखानं वर सरकवला आणि कार्ड परत आत घातलं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी काढलेले फोटो कुणाच्या हातून पुसले जाऊ नयेत, म्हणून मीच लॉक केलं होतं. साफ विसरले. रॉबिन, तुम्ही पण उभे राहा तिकडं. चला, हसा सगळे."

फोटो निघाला. एक नाही, तीन निघाले. तिन्हीत ऐंशी माणसं समोर बघतायत आणि रॉबिन तेवढा चपलांकडं.

घरी जेवणं झाल्यावर त्याला राहवेना. जेसिका, प्रेमाबाई आणि तो, तिघंच होते. त्यानं बॅगेतून टिफिनचा डबा काढून सासूबाईंसमोर ठेवला.

"आई, तो कॅमेरा त्यांचा नव्हता. त्यांचा हा. मी फोडला. तुमच्याशी खोटं बोललो, मला लाज वाटते."

जेसिकानं कपाळाला हात लावला. प्रेमाबाईंनी डबा उघडला. मग आतून फोटो काढायचं बटण शोधून काढलं. त्यावरचा चंदेरी रंग अंगठ्यानं झिजून पार गेला होता.

"मला हातात घेतल्या घेतल्याच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याचं बटण अगदी नवं लागलं."

"मग तिथं बोलला का नाहीत?" रॉबिननं विचारलं.

"काय बोलू? ऐंशी माणसं तोंड हसरं करून उभी, आणि पाळकांनी नुकते तुमच्या हातांसाठी देवाचे आभार मानलेले. देवालाही अवघड झालं असतं."

त्यांनी ते बटण रुमालाच्या कोपऱ्यात बांधलं. डोळे पुसले, पण पुसताना हसत होत्या, आणि रॉबिनला दोन्हींचं सारखंच वाईट वाटलं.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला. अठरा वर्षांची सवय, रॉबिन उठून मीटरच्या दिशेनं दोन पावलं गेलाही.

"बसा, रॉबिन," प्रेमाबाई म्हणाल्या. "ती आपली आपण येते."

रॉबिन खाली बसला, आणि लाईट आली.