नामगुंग ह्वान एकेरीवर आले ते समयीची हकीकत

वडीलधाऱ्यांस मुजरा करोन आणि धाकट्यांची कीव करोन ही हकीकत लिहिली असे. कोरिया मुलुखीं साठ किलोचे आंतील ज्यूदोचे वीर बहुत, परंतु नामगुंग ह्वान यांजऐसा बाका गडी दुसरा नाही, आणि हातची फत्ते घालविण्यांतही त्यांचा हात धरणारा कोणी नाही. कारण एकच, श्रीमंत प्यो दोंग-ग्यू.

प्यो हे शाळेंत एक इयत्ता वरचे. मुलुखाचा दस्तूर ऐसा की, एक इयत्ता वरचा तो दादा आणि दादा तो मरेतों दादा. मग त्याचा घामट अंगरखा धुणे आणि त्याचे समोर मद्याचा पेला घेणे तो अदबीने तोंड फिरवोन घेणे, हे धाकट्याचे कपाळी. ह्वान यांनी अंगरखे पिळोन पिळोन मनगटे पोलादी केली. खेळाचा कायदा ऐसा की, हरीफ पाठीवर दाबोन वीस सेकंद राखिला की फत्ते. ह्वान यांनी दरसाल प्यो यांस दाबावे, आणि दरसाल खालोन हुकूम सुटावा, "ए, सोड." आणि यांनी "हो दादा" म्हणोन सोडावे. मग प्यो यांनी उठोन यांसच आदळावे, ऐसा शिरस्ता पडिला.

यंदा अदबीचे माहेरघर म्हणविणारे अंदोंग शहरीं राष्ट्रीय संघाचे निवडीचे मैदान ठरले. हे मैदान हातचे गेले तर ह्वान यांनी ज्यूदो सोडोन आईसाहेबांचे खानावळींत डुकराचे रश्श्याची पातेली ढवळावी, ऐसा करार घरीं जाहला होता. सबब ह्वान यांनी काकडीवर दिवस काढोन वजन उतरविले आणि ज्यूदो शिकविणारे मास्तरांनी मसलत मांडिली.

"तो काहीही म्हणाला तरी ऐकायचं नाही."

"पण मास्तर, ते दादा आहेत."

"आणि मी कोण, तुझा मेहुणा?"

मग अखेरची लढत आली. ह्वान यांनी प्यो यांस कमरेवरोन उडविले, आणि चटईवर पाडिले, आणि वरोन ऐसा दाब टाकिला की प्यो यांचे फक्त नाक मोकळे राहिले. खालोन नेहमीचा हुकूम आला. ह्वान यांनी दांत आवळिले. मग दुसरा आला, "ह्वान्या, खांदा गेला माझा, सोड म्हणतो ना!" आणि ह्वान यांची पकड आपसूक सैल पडू लागली, आणि डोळ्यांपुढे पातेली उभी राहिली, आणि आजवर धुतलेले तमाम अंगरखे पोटांतोन उसळोन वर आले.

"गप पड ना रे तू!"

सभागृह जागचे उठोन उभे राहिले. 'तू' म्हणाले! दादास! अंदोंग शहरीं!

प्यो यांनी धडपड जागींच थांबविली. "काय म्हणालास?"

ह्वान यांचे कान तापले, परंतु हात ढिले जाहले नाहीत.

"परत म्हण. परत म्हण बघू!"

ऐसी जाबजबानी चालली असतां वीस सेकंद सरले आणि घंटा जाहली. प्यो यांस सुटकेची याद राहिली नाही, कारण अपमान मोठा होता. पंचांनी एकत्र बसोन कायदा धुंडाळिला, परंतु अरेतुरेस सजा कोठेही लिहिली नव्हती. ह्वान यांनी चटईवर डोके टेकोन माफी मागितली.

"दादा, चुकलो."

"आता दादा होय? मघाशी कुठं गेला होता दादा?"

इतक्यांत आईसाहेब सज्जा उतरोन आल्या आणि विजयी वीराचे पाठीवर ऐसा फटका दिधला की आवाज पंचांचे मेजापर्यंत गेला.

"मोठ्या माणसाशी असं बोलतात? हेच शिकवलं मी?"

"आणखी एक द्या, काकू," प्यो मागोन वदले.

ह्वान यांस रडू आले आणि हसूही आवरेना. इतका आनंद त्यांस उभ्या जन्मांत जाहला नव्हता.

येणेंप्रमाणे अंदोंगचे मैदान सर होवोन संघांतील जागा नामगुंग ह्वान यांचे नावें कायम जाहली. त्या दिवशीं साठ किलोचे आंतील कोणीही त्यांस हालवू शकला नाही. आईसाहेब त्या वजनांत बसत नाहीत, सबब सदरहू फटका पराजयांत धरू नये.